दक्षिण कोपऱ्यातली काजळी

मंगळवार, ३ सप्टेंबर १९५७

बिऱ्हाड हललं एकदाचं. गिरगावातली खोली सोडताना डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं. पण हातगाडीवाल्याने नलूचं शिवणाचं यंत्र उलटं ठेवलं आणि तिने त्याला असं काही फैलावर घेतलं, की रडायचं राहूनच गेलं.

चौतीस वर्षं शाळेत कविता शिकवली आणि आता त्रेसष्टाव्या वर्षी धूर मोजायची नोकरी! शहराच्या हवेत किती धूर आहे आणि तो येतो कुठून, याची पाहणी करणारं एक लहानसं खातं नव्यानेच निघालंय. तिथला साहेब माझा जुना विद्यार्थी. त्याला वेळेवर उठणारा, अक्षर चांगलं असलेला आणि कशाचीच घाई नसलेला माणूस हवा होता. म्हणाला, मास्तर, तुमच्याइतकं शुद्धलेखन कोणाचं नाही, आणि मला आकड्यांतही तेच हवंय. नोकरीपाठोपाठ लालबागच्या या चाळीत तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. डोक्यावर थेट गच्ची.

खाली गणपतीचा मंडप, कमानीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा. गॅलरीतून गिरण्यांच्या सतरा चिमण्या मोजल्या. गिरणीतल्या साच्यांचा, म्हणजे मागांचा, आवाज कान देऊन ऐकला तर चक्क भुजंगप्रयात निघतो. लघु गुरू गुरू, लघु गुरू गुरू. नलूला सांगितलं तर ती म्हणाली, तुला माझ्या खोकल्यातही वृत्त सापडेल.

खोकल्याचीच काळजी आहे. दम्याच्या बाईला धुराच्या पेठेत आणलं मी! पण तिला एकटीला तिकडे कोणाच्या भरवशावर ठेवायचं? ही माझी धाकटी बहीण. तिचे यजमान श्यामकांतराव रे रोडला लाकडाच्या वखारीत कारकून होते. चव्वेचाळीस सालच्या एप्रिलात गोदीत स्फोट झाले, त्या दुपारी ते आग बघायला म्हणून वखारीतून बाहेर पडले ते परतलेच नाहीत. प्रेत मिळालं नाही. तेरा वर्षं झाली, नलू अजून रोज कुंकू लावते. बारा वर्षं उलटल्यावर नातेवाईक म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या. तिने त्यांना जिना दाखवला.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कामाची रीत मोठी मजेची आहे. पाच जागी पाच रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या ठेवायच्या, तळाला बोटभर पाणी. जागा ठरल्या आमची गच्ची, परळची एक शाळा, लोअर परळची एक चाळ, रे रोड आणि तुलनेसाठी दादर. हवेतली काजळी आपसूक पाण्यात पडते. ते पाणी रोज कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा आणि करड्या छटांच्या पट्टीशी ताडून पाहायचा. शेजारी काठीला डिंकाचा कागद गुंडाळलेला असतो. काजळी ज्या बाजूने येते ती बाजू काळी होते. ही झाली दिशा. अंतर कळतं कणांवरून. सुपात पाखडताना दाणा पायाशी पडतो आणि फोल दूर उडतं, तसंच. भिंगाखाली कण भरड दिसला तर उगम जवळ, पिठासारखा दिसला तर लांब. दिशा आणि अंतर मिळालं की नकाशावर टिंब द्यायचं. रोजची टिंबं जमली की कोणती चिमणी कोणाच्या छातीत धूर सोडते ते कळेल, असं साहेब म्हणतो. आहे की नाही कविता?

आमच्या गच्चीची बरणी मात्र जिन्यातच फुटली. साहेबाला कळवलं तर नवी यायला महिना लागेल. बरणीऐवजी नलूने तिचा गंज काढून दिला, स्वयंपाकाचं पातेलं. उभ्या भिंतींचा, जर्मन सिल्व्हरचा, लग्नातला. तोंडाचं माप बरणीशी जुळतं. गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यात कठड्याला लागून एक सपाट दगड आहे. चहूबाजूंनी मोकळा, आडोसा नाही. गंज तिथे मांडला.

मंगळवार, १० सप्टेंबर

गणपती गेले, आज प्रतिपदा. पक्ष लागला.

शेजारच्या जाईबाई सकाळीच दारात. या मालवणकडच्या, गिरणीत बॉबिनं भरतात. नवरा दगडू गिरणीच्या बॉयलरवर. बाई आधी गोडीत बोलल्या: ‘मास्तरांनू, थंय नको ठेवू तां भांडा. ती आमच्या पितरांची जागा.’ चाळीतली सगळी माणसं पंधरा दिवस त्याच दगडावर पान वाढतात म्हणे. गेलेल्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, पान ठेवायचं आणि मागे न बघता खाली यायचं.

मी त्यांना समजावून सांगितलं की पाहणीत जागा एकदा धरली की महिनाभर हलवता येत नाही, नाहीतर आधीचे सगळे आकडे फुकट जातात. दगडू विडी विझवत म्हणाला, मास्तर, आम्ही दिवसभर कोळसा घालायचा आणि तुम्ही वर बसून त्याचे शेंगदाणे निवडायचे, बरं आहे तुमचं. सगळे हसले, मीही हसलो. जाईबाई नाही हसल्या. शेवटी चाळीने उत्तरेचा कोपरा घेतला.

थोडं ताठरपणे वागलो का? पण नियम तो नियम. शाळेतसुद्धा मी बाक बदलू देत नसे.

गुरुवार, १२ सप्टेंबर

उत्तर कोपऱ्यातल्या पानांना कावळा शिवत नाही, अशी चाळीत कुरकुर आहे. सगळे कावळे आमच्या गंजाभोवती बसतात. पाण्याला चोच लावत नाहीत, नुसते बसतात.

गंजातली काजळी वेगळी दिसते. बाकी चार जागी मऊ, दगडी कोळशाची, बोटाला तेलकट लागणारी. इथली कोरडी. भिंगाखाली लाकडाच्या रेषा दिसतात. कागद काळा झाला आग्नेयेला. टिंब पडलं रे रोडवर, पण रे रोडच्या बरणीत तशा काजळीचा मागमूस नाही. म्हणजे ती तिथून निघते, तिथे पडत नाही, मधल्या सगळ्या घरांवरून येऊन थेट आमच्या गंजात उतरते. साहेबाला कळवलं. तो म्हणाला, भांडं नीट विसळा.

रविवार, १५ सप्टेंबर

आज सुट्टी, गिरण्या बंद. दगडू स्वतः सांगून गेला की आमच्या बाजूचा एकही बॉयलर पेटलेला नाही. आकाश कसं धुतल्यासारखं. चारही बरण्यांचे कागद जवळजवळ पांढरे.

गंजाचा कागद पट्टीवरच्या शेवटच्या छटेच्याही पुढे गेला. पट्टीत त्याला छटाच नाही.

वारा दिवसभर पश्चिमेचा होता. मी स्वतः कठड्याशी उभा होतो, धोतराचा सोगा पूर्वेला उडत होता. कागद काळा आग्नेयेलाच. वाऱ्याला छाती देऊन काजळी कशी येईल? तीनदा ताडून पाहिलं. कण आधीपेक्षा भरड आहेत. टिंब सरकलं, घोडपदेवला.

सोमवार, १६ सप्टेंबर

टिंब काळाचौकीच्या अलीकडे. एका दिवसात एवढं! चिमणी का चालते?

नलूला आज दिवसभरात एकदाही दम लागला नाही. तिचा श्वास मी सवयीने ऐकतो. ओळीत विरामाची जागा, यती, येते तिथे तो नेहमी अडकायचा, तसा आज अडकला नाही. आनंद व्हायला हवा. म्हणाली, वर छान वास येतो रे अप्पा, ओल्या सागवानाचा. ती जिना चढून गच्चीवर गेली होती! एक जिना चढताना तीन ठिकाणी बसणारी बाई.

मला थोडा खोकला झालाय.

मंगळवार, १७ सप्टेंबर

रे रोडला जाऊन आलो. वखारी पालथ्या घातल्या. कुठे शेकोटीसुद्धा नाही. एक म्हातारा राखणदार हसून म्हणाला, मास्तर, इथे कोणी काडी ओढली तर मालक त्यालाच ओंडक्यासारखा चिरील.

परत आलो तर जाईबाई गच्चीवर. गंज हातात घेऊन काठाखाली कोरलेलं नाव त्यांनी मला वाचायला लावलं. ठिपक्याठिपक्यांनी काढलेली अक्षरं, ‘सौ. नलिनी श्यामकांत’. लग्नात प्रत्येक भांड्यावर घालतात तसं. रोज भांडं धुतोय, पण ते नाव वाचावं असं कधी वाटलं नव्हतं.

जाईबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, पक्षातले दिवस, पितरांचा दगड, आणि त्याच्यावर जित्या बाईचं नाव घातलेलं लग्नातलं भांडं पाणी भरून! मास्तर, तुम्ही पान वाढलं नाही, तुम्ही बोलावणं धाडलं. ज्याला क्रिया मिळाली तो पानावर जेवून परत जातो. ज्याला नाही मिळाली तो नाव वाचत येतो. अमावास्येला सगळे परत जातील. तो एकटा जाणार नाही.

त्या माझ्याहून वीस वर्षांनी लहान असतील. पण मी शाळकरी पोरासारखा उभा होतो.

बुधवार, १८ सप्टेंबर

गंज खाली आणला. दगडावर शाळेतली जुनी बाटली ठेवली. आकडे गेले खड्ड्यात.

एक गोष्ट लिहून ठेवतो. तोंडाने ती कधी बोललो नाही.

चव्वेचाळीस साली तिसऱ्या दिवशी मी गोदीच्या बाजूला गेलो होतो. वखारीजवळ प्रेतं ओळीने ठेवली होती. चेहरे राहिले नव्हते. सातव्या की आठव्या माणसाच्या अंगात सदऱ्याची कॉलर तेवढी उरली होती. तिला आतून उलटा टाका घातलेला. तो टाका नलूचा. मुंबईत दुसरं कोणी तसा घालत नाही. शिपायाने विचारलं, ओळखता का? मी म्हणालो, नाही.

नलू तेव्हा तापाने पडून होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का बसला तर हातची जाईल. वाटलं, बरी झाली की सांगू. ती बरी झाली आणि कुंकू लावून वाट बघत बसली. त्या कपाळाकडे बघून कसं सांगायचं? आठवड्यांचे महिने झाले. तो बेवारशांबरोबर गेला. नावाविना.

येणारा कोण आहे, हे मला ठाऊक आहे. तो नलूला न्यायला येतोय. वाट मीच दाखवली. अमावास्या सोमवारी. तोवर तिला सांभाळायचं.

गुरुवार, १९ सप्टेंबर

गंज परत दगडावर. नलूनेच नेला. विचारलं तर म्हणाली, माझं भांडं आहे, मी कुठेही ठेवीन. आणि हसली. वीस वर्षांपूर्वीसारखी.

पाणी कोमट होतं. सकाळचे आठ, ऊन नाही. कण आता कण नाहीत, नखाएवढ्या पापड्या झाल्यात. टिंब आमच्याच गल्लीच्या तोंडाशी.

खोकला वाढलाय.

शुक्रवार, २० सप्टेंबर

गंज ट्रंकेत कोंडला, किल्ली जानव्याला. नलूला गच्चीवर जाऊ देत नाही. ती चिडली नाही, नुसती बघत राहिली.

टिंब चाळीवर. नकाशावर चाळ मुगाएवढी आहे, याहून जवळचं काढता येत नाही. म्हणून डिंकाच्या कागदाची काठी खोलीतच ठेवली, टेबलावर. एका बाजूला नलूची खाट, दुसऱ्या बाजूला माझी खुर्ची. खाटेची बाजू काळी होईल आणि मग तिला इथून हलवीन. दादरला, पुण्याला, कुठेही.

दुपारी चार. कागद काळा झाला.

खाटेची बाजू पांढरी आहे.

शनिवार, २१ सप्टेंबर

काठी घेऊन दादरला गेलो. समुद्राकडच्या मोकळ्या गच्चीवर, पाची जागांत सगळ्यात स्वच्छ हवा तिथली. काठी समोर धरून अर्धा तास बसलो. कागद काळा. माझ्याकडची बाजू. काठी फिरवली. पुन्हा माझ्याकडची बाजू —

गंज तर ट्रंकेत आहे. नलू घरी आहे.

मी उठून दुसऱ्या टोकाला गेलो. तिथेही तेच.

टिंब माझ्याबरोबर फिरतंय.

येताना रुमालात खोकलो. लाकडाच्या रेषा. भिंगाची गरज नव्हती.

रविवार, २२ सप्टेंबर

गिरण्या बंद. खोलीत धूर. नलूला त्रास नाही. तिने खिडक्या उघडल्या, मला पेज भरवली, पाठ चोळली. तेरा वर्षं मी तिची चोळतोय.

मग शेजारी बसून शांतपणे म्हणाली, अप्पा, तू तीन दिवस गोदीवर जात होतास. तिसऱ्या दिवशी आलास तो जेवला नाहीस. काय पाहिलंस?

म्हणाली, मी जायला तयार होते रे. न्यायला आलेत असं वाटलं होतं मला. पण ते माझ्याजवळ येतच नाहीत. तुझ्याचजवळ बसून राहतात. तुझ्याकडे त्यांचं काहीतरी आहे, ते देऊन टाक.

विचार करायला तिने वेळही दिला. कपाळ समोर होतं. कुंकू —

मी म्हणालो, काही नाही पाहिलं.

पुन्हा.

तिने ताटली उचलली आणि मोरीत गेली. तेव्हापासून छातीत — श्वास अर्ध्यावरच. यती नको तिथे.

सोमवार, २३ सप्टेंबर. अमावास्या

सकाळी दहा. बोलता येत नाही, लिहिता येतं. थोडं.

नलूने केळीचं पान आणलंय. जाईबाई वर भात घेऊन गेल्या. दगडू आज कामावर गेला नाही, दाराशी बसलाय, थट्टा करत नाही. नलू जाताना म्हणाली, पान मी वाढीन, नाव मी घेईन, कपाळही पुसीन. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय नाही. लिहून दिलेलं चालायचं नाही, अप्पा. शिपायाला तोंडाने नाही म्हणालास ना?

मी शिपायाचं कधी बोललो नव्हतो तिच्याजवळ.

साडेदहा —

तो खुर्चीच्या मागे उभा आहे. ऊब लागते मानेला. हात लावत नाही. नुसता उभा. वाट बघणारा माणूस असतो तसा. रागावलेला नाही, हेच —

मास्तर असून एक वाक्य सांगता येऊ नये. चौतीस वर्षं पोरांना उभं करून म्हणायला लावलं. मोठ्याने. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं.

दगडूला खुणेने सांगितलं, तिला बोलाव. गेला.

पावलं वाजतायत. नलू भरभर उतरतेय, न थांबता. बाराही पायऱ्या. एवढा श्वास तिच्यात होता कुठे.

माझ्यात एका वाक्याचा उरलाय. लिहिण्यात घालवू नये. तरी हात — आधी शब्द जुळवून घ्यावेत म्हणून — नलू, तो सातवा होता. नको. नलू, मी ओळखलं होतं. हे बरं. एवढंच. लहान आहे, पुरेल —

दारात आली. पान हातात आहे. बघतेय. आता टाक ठेवतो आणि म्ह